एकवीस, सहा, चाळीस

शंकरनगर चौकातला सिग्नल लाल होता, आकड्यांची पाटी त्रेसष्टवरून खाली येत होती, आणि एरवी मी जे कधी करत नाही ते केलं. स्कूटरवर बसल्या बसल्या पर्समधून फोन काढला. जतन न केलेल्या नंबरावरून मेसेज होता. वर दोन आकडे, खाली एक ओळ. 21.0640, 79.0020. बाबा एकटे आहेत. लवकर या. कुणाचे तरी वडील घरी एकटे आहेत आणि मेसेज चुकून माझ्याकडे आलाय असं वाटून मला परक्या माणसाबद्दल वाटतं तेवढंच वाईट वाटलं. मग कळलं की वाक्य माझं आहे. पाच आठवड्यांपूर्वी, जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी, मीच ते पाठवलं होतं. त्याच्या खाली आता नवा मजकूर होता : ‘मॅडम मी प्रशिक. त्या दिवशीचा अँबुलन्सवाला. हा तुमचाच मेसेज आहे. सोमवारी माझी चौकशी आहे. हा दाखवू का? विचारून दाखवावं म्हटलं.’ आधी राग आला. आमच्या घरातलं माणूस गेलं आणि हा परवानगी कसली मागतो. एक्केचाळीस, चाळीस. मग मी आकडे पुन्हा वाचले, कारण वाचण्यासारखं तेवढंच होतं. हे आकडे मला कॉलेजात असल्यापासून पाठ आहेत. एकवीस, सहा, चाळीस. एकोणऐंशी, शून्य, वीस. त्यात माझ्याकडून चूक होणं शक्य नव्हतं, आणि एकही आकडा चुकला नव्हता. एकवीसच्या पुढे एक टिंब होतं. एकोणऐंशीच्या पुढे एक. मागून कुणीतरी ओरडलं, ‘ओ मॅडम, चलना है के नही?’ सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला असावा.

बाबा सर्व्हे ऑफिसात गणक होते. आता या हुद्द्याचं कुणी राहिलेलं नाही. मोजणीदार रानावनातून कोन आणि अंतरं घेऊन यायचे आणि बाबा आणि त्यांच्यासारखे आणखी आठ-दहा जण लांब टेबलांवर बसून त्या कोनांची गावं करायचे. प्रत्येक गणित दोन माणसं वेगवेगळी करत, एकमेकांकडे न बघता, आणि शेवटी दोघांची उत्तरं जुळली की तिसरा माणूस सही करी. गिरिधरराव म्हणजे बाबा, आणि त्यांच्या समोरच्या टेबलावरचे नत्थूजी यांची उत्तरं नेहमी जुळत, असं नत्थूजी आमच्या घरी चहा पिताना सांगत. ‘आमचं भांडण फक्त साखरेवर, बाकी शेवटच्या सेकंदापर्यंत एकमत.’ हिंगणा रोडच्या आतल्या अंगाला बाबांनी प्लॉट घेऊन घर बांधलं, तेव्हा त्या लेआउटला धड नाव नव्हतं, रस्ता नव्हता. नकाशावरून त्यांनी घराचे अक्षांश-रेखांश काढले आणि मला आणि धाकट्या भावाला, विक्रमला, पाठ करायला लावले. इतर मुलं हरवली तर वडिलांचं नाव सांगतील, तुम्ही हे सांगायचं. पाहुणे आले की आमची परीक्षा होई. ‘कुठे राहता?’ ‘एकवीस, सहा, अडतीस, एकोणऐंशी, शून्य, सतरा.’ पाहुण्यांना काही कळत नसे, ते आईकडे बघत. पुढे मी कॉलेजात असताना हातात धरायचं जीपीएस यंत्र आलं, बाबांनी कुणाकडून तरी ते दोन दिवस मागून आणलं, गच्चीवर जाऊन उभे राहिले आणि उतरताना हसत होते. जुने नकाशे पृथ्वीचा आकार थोडा वेगळा धरून केलेले, नवं यंत्र वेगळा धरतं, त्यामुळे घर न हलता दोन-तीन सेकंद सरकलं होतं. आम्हाला नव्याने पाठ करावं लागलं. विक्रमने तेव्हा कुरकुर केली, ‘लोकांचे बाप घर बदलतात, आमचा बाप पत्ता बदलतो.’ त्या वयात मला ते फार विनोदी वाटलं होतं. मी चाळीस आणि वीस असं घोकत बसले, आठवडाभर, जुने आकडे डोक्यातून जाईपर्यंत.

एक सेकंद म्हणजे तीस मीटर, बाबा सांगायचे, उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम थोडा कमी, कारण वर जावं तसा पृथ्वीचा घेर आवळत जातो. आपला प्लॉट एका सेकंदात मावतो. अंश घ्यायचा, त्याचे साठ भाग करायचे, त्या प्रत्येकाचे पुन्हा साठ, घड्याळासारखं. हे मी कितीदा ऐकलं असेल? शाळेत मी हे मास्तरांच्या आधी सांगितलं होतं. ग्रंथालयात कुणी भूगोलाचं पुस्तक मागितलं की मी अजूनही ते थोडं चाळून देते. म्हणजे मला येत नव्हतं असं नाही. त्या दुपारी तीन अडतीसला त्यांचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात होते आणि परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. ‘अगं, छातीत जड वाटतंय,’ ते म्हणाले, ‘गाडी मागव. पत्ता नीट सांग.’ शेजारच्या घराला कुलूप होतं, ते लग्नाला गेलेले. मी ट्रस्टच्या दवाखान्यात फोन केला, त्यांनी ड्रायव्हरचा नंबर दिला, ड्रायव्हर म्हणाला, ‘लोकेशन टाका ना मॅडम, त्या साइडले सगळे लेआउट सारखेच आहेत.’ खरंच आहे ते. एकाच सोसायटीचे चार टप्पे, प्लॉट सत्तेचाळीस प्रत्येकात. नकाशा उघडून, बोटांनी रस्ता मोठा करत, आमचं छप्पर शोधत बसायला माझी बोटं तयार नव्हती. जे पाठ होतं ते मी लिहिलं. आकडे एकामागून एक लिहायचे तर फोनला मध्ये टिंब लागतं हेही बोटांनाच ठाऊक होतं, कारण रोज कुठे ना कुठे आपण असंच लिहितो. एकवीस टिंब सहा चाळीस. आधीचं शून्यसुद्धा विसरले नाही. किती काळजीपूर्वक लिहिलं मी.

घरी मी त्याच्या आधी पोचले. चार नऊला. बाबा वेताच्या खुर्चीत बसले होते, शर्टाचं वरचं बटण उघडं, आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलेलं. ‘गाडी?’ ‘येतेय.’ ‘काय सांगितलंस त्यांना?’ मी म्हणून दाखवलं, जसं पाहुण्यांसमोर म्हणायचे तसंच, फक्त धापा टाकत. एकवीस, सहा, चाळीस. एकोणऐंशी, शून्य, वीस. त्यांनी मान हलवली. ‘बरोबर,’ म्हणाले, आणि डोळे मिटले. तोंडाने मी जे म्हटलं त्यात टिंब नव्हतंच. ड्रायव्हरचा फोन आला, ‘मॅडम, इथं तं वावर आहे, घरच नाही एकही.’ तेव्हा मी त्याला जे बोलले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हटलं, ‘तुम्हाला नकाशा वाचता येत नाही का? लोकेशन दिलंय ना बरोबर? कसले लोक ठेवतात.’ तो म्हणाला, ‘सॉरी मॅडम, पाहतो.’ आणि त्याने आणखी आठ मिनिटं पाहिलं. दुसऱ्या फोनला मी रस्त्याने पत्ता सांगितला, हिंगणा रोड, पाण्याची टाकी, देवळाच्या मागचा उजवा. तो चार एक्केचाळीसला आला. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत बाबा होते. टी-पॉइंटच्या थोडं अलीकडे ते नव्हते. मध्ये कुठे गेले ते मला सांगता येणार नाही. मी त्यांचा हात धरून समोरच्या काचेतून ट्रककडे बघत होते.

तक्रार विक्रमने लिहिली, पाचव्या दिवशी, आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून, पुण्याला परत जायच्या आधी. त्याला काहीतरी करायला हवं होतं. भांडी तो घासत नाही, रडत तर नाहीच. दवाखान्याच्या विश्वस्तांना दोन पानी पत्र. ‘ताई, तुझी भाषा चांगली आहे, जरा बघ,’ म्हणून त्याने माझ्यापुढे सरकवलं, आणि मी बघितलं. त्याने ‘ड्रायव्हरला रस्ते माहीत नाहीत’ असं लिहिलं होतं, ते मी ‘अचूक स्थाननिर्देश देऊनही चालकाने अक्षम्य हलगर्जी केली’ असं केलं. अचूक स्थाननिर्देश. शब्दावर मी थोडी खूषही होते. शोकातसुद्धा माणसाला आपलं वाक्य आवडतं, हे मी पुस्तकांत वाचलेलं होतं, तेव्हा ते मला लेखकांनी केलेलं नाटक वाटायचं. आठवडाभरात विश्वस्तांचं उत्तर आलं की चालकाला कामावरून थांबवलंय, चौकशी होईल. विक्रमने फोनवर ते मला वाचून दाखवलं तेव्हा त्याच्या आवाजात समाधान होतं. माझ्याही. ते नाकारून उपयोग नाही.

गुरुवारी सिग्नलवर मेसेज आला. शुक्रवारी मी कामावर गेले आणि संदर्भ विभागातला मोठा नकाशासंग्रह काढून बसले, जणू त्यात आमचं घर असणार होतं. कागदावर भागाकार केला. साठाने, पुन्हा साठाने. मग वजाबाकी. मी लिहिलेलं ठिकाण आमच्या घरापासून सव्वापाच किलोमीटर दक्षिणेला आणि पावणेचारशे मीटर पश्चिमेला होतं. रेखांशात फारसं बिघडलं नव्हतं, तिथे मिनिटांच्या जागी शून्य होतं. बाबा म्हणायचे, अक्षांश पृथ्वी स्वतः देते. ती फिरते, तिला मध्य आहे, रात्री ध्रुवताऱ्याची उंची मोजली की झालं. रेखांशाचं तसं नाही, शून्य कुठे धरायचं ते माणसांनी भांडून ठरवलं, आणि तो काढायला दुसऱ्या गावात किती वाजलेत ते माहीत असावं लागतं. त्यामुळे त्यांचा जीव रेखांशावर जास्त होता. स्वयंपाकघरात त्यांनी एक घड्याळ नागपूरच्या खऱ्या वेळेवर ठेवलं होतं, देशाच्या वेळेपेक्षा चौदा मिनिटं मागे. सूर्य आपल्या डोक्यावर यायला तेवढा उशीर होतो, अलाहाबादेकडून निघून. आई असेपर्यंत या घड्याळावरून रोज एक तरी चकमक होई. ‘तुमच्या खऱ्या वेळेने कुकर होत नाही.’ शुक्रवारी दुपारभर मला हे सगळं आठवत होतं आणि मधेमधे मी प्रशिकला उत्तर लिहीत होते. ‘हो, दाखवा.’ पुसलं. ‘सध्या नको, मी बोलते.’ पुसलं. ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे, परंतु’, तेही पुसलं. परंतुच्या पुढे काय असणार होतं ते माझं मलाच बघायचं होतं. घरात पुसण्याला बंदी असे. बाबांच्या ऑफिसात वहीत आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बरोबर आकडा वर लिहायचा आणि शेजारी आपली सही. आमच्या दप्तरात खोडरबर नसायचा. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती एकदा. मी फोनवर पुसत राहिले आणि बोटाखाली काहीच उरत नव्हतं, रेघसुद्धा नाही. संध्याकाळी मी एवढंच लिहिलं : ‘तुम्ही त्या दिवशी जिथे पोचलात ती जागा मला बघायची आहे. उद्या सकाळी.’ तासाभराने उत्तर आलं, ‘या. मी पण येतो. काम नाहीच सध्या.’

शनिवारी मी फोनला माझे ते आकडे दिले, टिंबासकट, आणि तो जिथे नेईल तिथे गेले. मला वाटलं होतं तो अडखळेल. त्याने एकदाही विचारलं नाही. वर्धा रोड सोडला, नव्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती मागे पडल्या, मग प्लॉट पाडून दगड पुरलेली मैदानं, ‘बुकिंग चालू’ लिहिलेली फाटकी कापडं, मग डांबर संपून पांदण, दोन्हीकडे कापसाची पऱ्हाटी. फेब्रुवारी अजून संपला नव्हता आणि नऊ वाजताच ऊन मानेला लागत होतं. फोन म्हणाला, तुम्ही पोचला आहात. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक पळस होता, पाण्याचा हौद होता, आणि एक बाई कमरेला ओटी बांधून शेवटचा कापूस वेचत होती. मी स्कूटर उभी केली आणि जमिनीकडे बघत राहिले, जणू तिथे काही लिहिलेलं असणार होतं. मातीला भेगा पडायला लागल्या होत्या. एका ठिकाणी चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या, ओल्या मातीत गाडी रुतून सुकलेल्या, पण त्या ट्रॅक्टरच्याही असतील. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर मी नेमकी ही जागा दाखवली होती. इथे मी कधी आले नव्हते, इथलं कुणी मला ओळखत नव्हतं, आणि तरी ती अकरा मीटरच्या आत माझीच होती. चौथ्या दशांशापर्यंत मी ती लिहून दिली होती.

‘काय हरवलं वं बाई?’ वेचणारी बाई जवळ आली. पन्नाशीची असेल. तिने आपलं नाव देवकी सांगितलं, माझं विचारलं नाही. मी म्हटलं, जानेवारीत इथे एक अँब्युलन्स आली होती, तुम्हाला आठवतं का.

‘आठवते म्हणजे! गावात अजून तेच चालू राहिलं.’ ती ओटी सैल करून धुऱ्यावर बसली. ‘भोंगा वाजवत वावरात घुसली ना. माहे सासरे खाटेवर पडून होते झाडाखाली, ऐंशी वर्षांचे. त्यायले वाटलं त्यायलेच न्यायले आली. उठून बसले तसेच. म्हणे, मी नाही येत, मी अजून आहो! काठी उगारली त्या पोऱ्यावर.’ ती हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. ‘तो बिचारा पाया पडला त्यायच्या. म्हणे, बाबाजी तुमाले नाही, इथं कोणी बिमार आहे का, एकटे आहेत म्हणे. आमी म्हटलं, इथं कोणीच नाही बाप्पा. तं तो त्या चार घरायपर्यंत पळत गेला. एकेक दार वाजवलं. म्हणे, एकटे आहेत, म्हातारे माणूस आहेत, दार उघडून पाहा ना आजूबाजूले. आमीबी पाहिलं. हौदामागंबी पाहिलं.’

‘हौदामागे?’

‘कोणी पडून असलं तं? त्यानं सांगितलं ना, एकटे आहेत म्हणून.’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘सापडले का मग ते?’

मी हो म्हटलं. सापडले. पुढचं तिने विचारलं नाही, पण ओटीतल्या कापसातल्या काड्या वेचता वेचता एकदा माझ्या हाताला हात लावून गेली. मी तशीच बसले. माझ्या वडिलांना या बायांनी हौदामागे शोधलं होतं. मी त्याला कसले लोक ठेवतात म्हणत होते तेव्हा तो या पऱ्हाटीतून दारं वाजवत पळत होता, कारण माझ्या मेसेजमधली दुसरी ओळ त्याने खरी धरली होती. पहिलीसुद्धा.

प्रशिक मोटरसायकलवर आला. गाडीत त्या दिवशी मी त्याची पाठच तेवढी पाहिली होती. आता समोर उभा होता तर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, दाढी नीट केलेली, एखाद्या मुलाखतीला आल्यासारखा. देवकीने लांबूनच हाक मारली, ‘आला का गा? आज भोंगा नाही आणला?’ तो कसनुसा हसला. मग माझ्याशी बोलताना तो खाली बघत होता.

‘मी दाखवणारच होतो मॅडम,’ तो म्हणाला. ‘खोटं नाही बोलत. नोकरीचा सवाल आहे, घरी बसून राहिलो महिन्याचा. पण तुमाले न सांगता दाखवला असता तं तुमाले तिथंच कळलं असतं, सगळ्यायसमोर. ते बरं नाही वाटलं.’

‘तुम्हाला कधीपासून माहीत होतं, माझं चुकलंय म्हणून?’

‘मले काही माहीतच नव्हतं. मले वाटलं माह्यानंच चुकलं. मी तो नंबर दहा वेळा टाकून पाहिला घरी बसून. दहाही वेळा इथंच येते.’ त्याने धुऱ्याकडे हात केला. ‘मग म्हटलं, नंबरच तसा असन.’

मी त्याच्यासमोरच विक्रमला फोन लावला. दूर जाऊन बोलता आलं असतं, पण दूर गेले असते तर मी काय बोलले असते याची मला खात्री नव्हती. विक्रमला सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. तो आमच्याच घरातला, त्याला साठाचा भागाकार समजावून सांगावा लागत नाही. पहिलं वाक्य तो म्हणाला, ‘तो तुला धमकावतोय का?’ मी नाही म्हटलं. मग म्हणाला, ‘एका टिंबावरून तू असं ठरवू नकोस ताई. तो आला असता वेळेवर तरी काय झालं असतं ते कुणी सांगू शकत नाही.’

‘कुणी सांगू शकत नाही, हे खरं आहे. पण पत्रात आपण सांगितलंय.’

‘पत्र मी लिहिलंय.’

‘त्यातलं ते वाक्य माझं आहे.’

 त्याच्या मागे कुठेतरी लिफ्टचं दार वाजलं. मग अगदी वेगळ्या आवाजात, लहानपणी ताप आल्यावर बोलायचा तशा, म्हणाला, ‘मला कुणाला तरी लिहायचं होतं गं. दुसरं कुणी नव्हतं लिहिण्यासारखं.’ मी म्हटलं, हो. म्हटलं, सोमवारी मी जाणार आहे, मी काय लिहिलं होतं ते मीच सांगणार आहे, तू तक्रार मागे घेतलीस तर बरं, नाही घेतलीस तरी मी जाणार आहे. ‘आज मेल करतो,’ तो म्हणाला, आणि मग, ‘त्यांना कळलं होतं का?’ त्यांना म्हणजे बाबांना. मी म्हटलं, नाही. ते बरोबर म्हणाले होते. विक्रमने फोन ठेवला नाही, मीही नाही. थोड्या वेळाने तो आपोआप तुटला.

प्रशिक हौदाच्या कडेवर बसून बुटाला चिकटलेला कापूस काढत होता. मी त्याला म्हटलं, मेसेज दाखवा. मी पण येते. त्याने मान वर केली. ‘तुमी काहून येता मॅडम? मेसेज पुरे आहे.’

‘मेसेजवरून त्यांना काय चुकलं ते कळणार नाही. आकडे बरोबर आहेत त्यात.’ आणि त्या दिवशी मी फोनवर त्याला काय बोलले, त्याबद्दल मी काही म्हणायला लागले, वाक्य तयारही होतं, तर त्याने हाताने थांबवलं. ‘राहू द्या. सगळेच बोलतात. गाडीत बसलं का मारतेबी कोणी कोणी.’ मग म्हणाला, ‘पण आकडे बरोबर आहेत म्हणता, अन् येते इथं. हे कसं काय? सांगा ना. पुढं कोणी असा दिला तं मले समजला पाहिजे.’

मी त्याच्या शेजारी हौदावर बसले.  म्हटलं, पृथ्वीवर रेघा आहेत असं धरायचं, आडव्या आणि उभ्या. एकवीस ही आडवी, विषुववृत्तापासून वर मोजलेली. एकवीस आणि बावीसच्या मध्ये एकशे दहा किलोमीटर आहेत, म्हणून मधली जागा वाटावी लागते. जुनी माणसं तिचे साठ वाटे करायची, तासाचे करतो तसे. फोन दहा करतो, मग दहाचे दहा. आमचं घर एकवीस वाजून सहा मिनिटं चाळीस सेकंदांवर आहे. मी सहा चाळीस तसंच्या तसं लिहिलं. ‘म्हणजे साडेसहाले सहा पॉइंट तीस म्हटल्यासारखं,’ तो म्हणाला. अगदी तसंच. ‘अन् साडेसहा तं सहा पॉइंट पाच.’ बाबांनी या पोराला टेबलाशी बसवून घेतलं असतं. मी म्हटलं, करा. सहाला साठाने. त्याने फोनमधलं गणकयंत्र उघडलं. पॉइंट एक. आता चाळीसला छत्तीसशेने. तो आकड्यांकडे बघून हसायला लागला. ‘हे पाहा. पॉइंट शून्य एक एक एक एक, एकाच्या मागं एकच चालू आहे. सगळं मिळून एकवीस पॉइंट एक एक एक एक? इतका सोपा नंबर होता?’ हो, मी म्हटलं. माझ्याही ते आत्ताच लक्षात आलं होतं. शुक्रवारी कागदावर लिहिताना मी फक्त फरक बघत होते. एकोणऐंशीचं त्याने एकट्याने केलं. शून्य, शून्य, पाच, सहा.

त्याने दोन्ही आकडे नकाशात टाकले. पडद्यावरचं शेत आणि पांदण बाजूला झाली, मधलं सगळं झरझर मागे गेलं, कारखान्यांची छपरं, रेल्वेची रेघ, आणि चित्र एका जागी येऊन थांबलं. लाल खूण. तिच्याखाली एक राखाडी चौकोन, त्याच्या बाजूला हिरवा ठिपका, तो आमचा लिंबू. प्रशिकने दोन बोटांनी चौकोन मोठा केला, आणखी मोठा, आणि फोन उन्हातून माझ्या सावलीत आणला. गच्चीवर दोन दोऱ्या दिसत होत्या, एकीवर काहीतरी पांढरं, लांबट, वाऱ्याने एका बाजूला झुकलेलं. धोतर नव्हतं, बाबा धोतर नेसत नसत. चादर असेल. रविवारी ते चादरी धुवायला काढत आणि स्वतः वाळत घालत, कुणाला हात लावू देत नसत, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

‘आता आलं,’ प्रशिक म्हणाला. ‘बरोबर हेच. मले गेट आठवते.’ तो जरा वाकून बघत राहिला. ‘आहे वाटते कोणी घरी. कपडे वाळत आहेत.’

‘होते,’ मी म्हटलं. ‘हा फोटो काढला तेव्हा होते.’